सांगलीहून रत्नागिरीला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या परीक्षा संपल्या की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "रत्नागिरीला चाललोय, काय काय बघू?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. गाडी सांगली-मिरजेतून निघणार असं धरलंय. तासगाव, विटा, जतकडच्यांनी रस्त्यात आपापली भर घालावी.

रत्नागिरी म्हणजे नेमकं केवढं गाव आहे?

जिल्ह्याचं ठिकाण आहे, पण अवाढव्य नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती. त्याच जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिका पाच लाखांच्या पुढे होती, म्हणजे आपल्या मानाने शहर लहानच. तरी गजबज आकड्यापेक्षा जास्त वाटते. जिल्ह्याच्या सगळ्या कचेऱ्या, १९४५ पासूनचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, एमआयडीसी आणि मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर, सगळं एवढ्याशा गावात. १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तर गोव्याच्या हद्दीपर्यंतचा माणूस कामासाठी इथेच यायचा.

गावाची ठेवण एकदा समजली की फिरायला सोपं जातं. जुनी बाजारपेठ खाली, समुद्राच्या अंगाला: राम आळी, गोखले नाका, धनजी नाका. नवं गाव वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर: माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे. दक्षिणेला काजळी नदीची खाडी आणि पलीकडे भाट्ये, उत्तरेला मिऱ्याचा डोंगर. "खाली जातोय" म्हणाले की बाजारात, हे लक्षात ठेवा, रिक्षावाल्याशी बोलताना उपयोगी पडतं.

आम्हाला खरं तर गणपतीपुळ्यालाच जायचंय. रत्नागिरी वाटेत बघून होईल ना?

नाही होणार. सांगलीकडच्या बहुतेक सहलींचं हेच होतं. रात्री दहाला गणपतीपुळ्यात पोचायचं, सकाळी दर्शन, दुपारपर्यंत पाण्यात, आणि परतताना "अरे हो, रत्नागिरी राहिली" म्हणून तासाभरात थिबा पॅलेसच्या फाटकापाशी फोटो काढून घाट गाठायचा. असं करू नका. मुक्काम रत्नागिरी शहरात टाका आणि गणपतीपुळे एका दिवसात करून परत या. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने ते जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे. शहरात संध्याकाळी करण्यासारखं बरंच असतं. गणपतीपुळ्यात अंधार पडला की जेवून झोपायचं एवढंच काम उरतं.

देवदर्शन हाच मुख्य हेतू असेल आणि पहाटेची आरती साधायची असेल तर गोष्ट वेगळी. मग एक रात्र तिथे, एक रात्र शहरात.

कुठल्या रस्त्याने जायचं? किती वेळ लागतो?

अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूर, तिथून शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या दिशेने वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, मग खाली साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. अंतर पावणेदोनशे ते एकशे ऐंशी किलोमीटर. चहा-नाश्ता धरून पाच तास समजा. चार तासांत पोचलो म्हणणारे भेटतात, त्यांच्या गाडीत बसू नये.

हाच तो रत्नागिरी-नागपूर महामार्ग, क्रमांक १६६. चौपदरीकरणाची कामं गेली काही वर्षं चालू आहेत, त्यामुळे कुठे सुसाट रस्ता तर कुठे धुरळा आणि वळण. हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो. तो ओलांडून सरळ गेलं की दहा-पंधरा किलोमीटरवर शहर.

पहाटे पाचला निघालात तर कोल्हापूर रिकामं मिळतं आणि मलकापूरला गरम नाश्ता. आठनंतर निघालात तर कोल्हापूर ओलांडण्यातच तास जातो. पावनखिंड बघायची असेल तर ती याच वाटेवरून आत विशाळगडाच्या बाजूला आहे, पण एका दिवसात खिंड आणि समुद्र दोन्ही करायला गेलात तर पोरं कंटाळतात. ती परतीच्या दिवशी ठेवा किंवा वेगळी करा.

कुंभार्ली घाटाने, म्हणजे कराड-पाटण-कोयनानगर-चिपळूण असंही जाता येतं. चिपळूण, गुहागर करायचं असेल तरच तो रस्ता घ्या. गगनबावड्याकडून उतरलात तर सिंधुदुर्गात निघता. अणुस्कुरा घाट राजापूरला उतरवतो.

पावसाळ्यात आंबा घाट चालू असतो का?

बहुतेक वेळा चालू असतो, पण भरवसा नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहनं बरेच महिने बंद होती. त्यातही घाटाआधी दोन ठिकाणं तपासावी लागतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पंचगंगेला पूर आला की केर्लीजवळ कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता पाण्याखाली जातो, आणि कृष्णेचं पाणी चढलं की आपल्या अंकली-उदगावाजवळच अडकायला होतं. म्हणजे घाट मोकळा, पण घाटापर्यंत पोचता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा आणि मगच पिशव्या भरा.

घाटात धुकं असलं तर समोरच्या ट्रकचे मागचे दिवे सोडू नका, पण त्याच्या बुडाला चिकटूनही चालवू नका. मध्येच थांबून धबधब्यापाशी फोटो काढणारे खूप असतात आणि ते वळणावरच थांबतात.

घाटात मुलांना उलट्या होतात. काय करायचं?

आलेपाक जवळ ठेवा, मागच्या सीटवर मोबाईल बंद, आणि मलकापूरला मिसळ खाऊ नका.

एसटी किंवा रेल्वे?

एसटी सोयीची. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर कोल्हापूर गाठायचं आणि तिथून रत्नागिरीची गाडी पकडायची. कोल्हापूरहून गाड्या भरपूर आहेत.

रेल्वेचं नाव काढू नका. मिरज एवढं मोठं जंक्शन, पण कोकणात उतरणारी रेल्वे आपल्याकडून नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची घोषणा आपण ऐकतोय, रूळ दिसलेले नाहीत. रत्नागिरी स्टेशन आहे ते कोकण रेल्वेचं. १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला आणि मुंबई-गोवा दोन्ही बाजूंनी गाव जोडलं गेलं. स्टेशनही शहरात नाही, कुवारबावजवळ सहा-सात किलोमीटरवर आहे. मुंबईहून येणारे पाहुणे तुम्हाला तिथे भेटणार असतील तर "स्टेशनवर उतरून चालत येतो" असं त्यांना म्हणू देऊ नका.

रेल्वेची हौस असेल तर जवळच पानवल नदीवरचा उंच पूल आहे. चौसष्ट मीटर उंचीचे खांब, खाली हिरवी दरी, आणि वरून जाणारी गाडी अगदी सावकाश जातेय असं वाटतं.

सगळ्यात चांगला महिना कुठला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, समुद्र शांत, मासे मुबलक. फक्त ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा.

आंब्यासाठी जाणार असाल तर एप्रिलचा शेवट ते मे मधला पंधरवडा. इथे एक समजून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसला जातो आणि तिकडे बत्तीस-तेहेतीसवर असतो, म्हणून लोक खूश होऊन निघतात. पण आपलं ऊन कोरडं असतं, सावलीत बसलं की बरं वाटतं. तिकडे सावलीतही अंगाला शर्ट चिकटतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपारी बारा ते चार खोलीतच थांबा.

पावसाचं म्हणाल तर सांगलीत वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला की आपण समाधानी असतो. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो. छत्री कामाची नाही, रेनकोट न्या. समुद्रात जाता येत नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, त्यामुळे ताज्या माशांची आशा धरू नका. तरीही ज्यांना नुसतं बसून पाऊस बघायला आवडतो त्यांनी जरूर जावं. हॉटेलं रिकामी असतात आणि मांडवीच्या धक्क्यावर लाटा अंगावर येतात.

शहरात बघण्यासारखं काय आहे?

पहिल्या दिवशी दुपारी पोचलात तर रत्नदुर्गावर जा. तीन बाजूंनी समुद्र, आत भगवती देवीचं मंदिर, टोकाला दीपगृह. चढण फारशी नाही, गाडी बरीच वर जाते. किल्ला म्हणून पन्हाळा बघितलेल्या माणसाला तटबंदी विशेष वाटणार नाही. पण वरून एका बाजूला मिरकरवाड्यात दाटीने लागलेल्या होड्या आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, हे पन्हाळ्यावर नाही. खाली पेठकिल्ल्याच्या भागात सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. मुलं बरोबर असतील तर ते चुकवू नका. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मोठी माणसंही गप्प होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, याच घरातला. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते रत्नागिरीत होते, मग वडिलांच्या बदलीबरोबर कुटुंब पुण्याला गेलं. कौलारू घर, पुढे अंगण, आत चित्रं आणि माहिती. अर्ध्या तासात होतं, पण शांतपणे बघा.

तिथून जवळच पतितपावन मंदिर. अंदमान आणि त्यानंतरचे तुरुंग भोगून झाल्यावर सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. त्या काळात त्यांनी इथे अस्पृश्यता निवारणाचं काम केलं, सहभोजनं घडवली. १९३१ ला सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं, त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. कीर हे मूळचे रत्नागिरीचेच, भंडारी समाजातले, मुंबईत बांधकामाच्या कंत्राटांवर मोठे झालेले. सावरकरांवर वाद घालायचा तर लोक कुठेही घालतात. पण मंदिराला पैसे कुणी दिले ते विचारलं तर बहुतेक पर्यटक गप्प बसतात, म्हणून हे नाव मुद्दाम सांगतो.

बाजारात राम आळीत फेरी मारा, कोकम, फणसपोळी, आंबापोळी तिथेच मिळते. ग्रामदैवत श्री देव भैरी. शिमग्यात गेलात तर पालखी बघायला मिळेल, आणि ती आपल्याकडच्या कुठल्याही मिरवणुकीसारखी नसते.

हा थिबा राजा कोण, आणि ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, कारण बरेच जण वाड्यासमोर उभे राहूनही तो विचारत नाहीत.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा याला राणी सुपयालतसह देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा राजाचं वय सत्तावीसच्या आसपास. रत्नागिरीच का? तर त्या काळी इथे रेल्वे नव्हती, घाटरस्ते अवघड होते, आणि पावसाळ्यात आगबोट बंद झाली की गाव जगापासून तुटायचं. राजाला विसरायला लावायचं असेल तर जागा उत्तम होती. याच सरकारने त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला उचलून रंगूनला नेऊन ठेवलं होतं.

राजा सुरुवातीला भाड्याच्या बंगल्यांत राहिला. आज दिसतो तो वाडा १९१० च्या सुमाराला तयार झाला, आणि तिथे त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी पुढे १९१९ ला रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीत गुंतली. वाड्यावरच्या एका मराठी नोकराशी तिचं नातं जुळलं, त्यांची मुलगी टूटू इथेच वाढली, इथेच तिने संसार केला आणि रत्नागिरीची मराठी बोलत ती म्हातारी झाली.

वाडा जांभ्या-विटांचा, कौलारू, तीन मजली, लाकडी कामाचा. वरच्या खोल्यांतून काजळीची खाडी आणि पुढचा समुद्र दिसतो. बर्मी सागवानाचं काम आणि राजाच्या वापरातल्या थोड्या वस्तू बघायला मिळतात, शिवाय शासनाचं प्रादेशिक संग्रहालय तिथेच आहे. सोमवार टाळा. वाड्यात थोडा अंधार आणि बराचसा रिकामेपणा आहे, त्यामुळे "काहीच नाही आत" असं म्हणत बाहेर येणारे भेटतील. राजाची समाधी वेगळ्या ठिकाणी, शिवाजीनगर भागात आहे. तिथे कुणी फारसं जात नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे दर्शनाला येऊन गेले. संध्याकाळी थिबा पॉइंटवर बसायला मिळतं, खाली भाट्याचा पूल दिसतो.

कुठल्या किनाऱ्यावर जायचं?

भाट्ये: लांबलचक, सरळ, सुरूचं बन, शेवटाला झरी विनायक. चालायला सगळ्यात चांगला. शेजारीच १९५५ पासूनचं नारळ संशोधन केंद्र आहे. शेतीची आवड असलेल्यांनी बाणवली या नारळाच्या जातीच्या रांगा बघाव्यात, आपल्याकडच्या उसाच्या माणसाला झाडांमधलं अंतर बघूनच आश्चर्य वाटतं. मांडवी: काळी वाळू, भेळ, गर्दी, गावातली संध्याकाळ. आरे-वारे: रस्ता डोंगराच्या कडेने जातो आणि वळणावर खाली दोन किनारे एकदम उघडतात. फोटो तिथेच काढा. मिऱ्याला २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात एक मोठं जहाज भरकटत येऊन बंधाऱ्याला टेकलं आणि कित्येक वर्षं तिथेच अडकून पडलं. ते बघायलाही लोक जायचे. गणेशगुळे शांत आहे, पावसच्या वाटेवर.

समुद्रात पोहता येईल का? आमची मुलं कृष्णेत पोहायला शिकलेली आहेत.

हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते. न पोहणारा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि वाचतो. नदीच्या घाटावर उड्या मारून शिकलेला पोहणारा आत जातो. नदीचा ओढा एका दिशेने असतो, तिरकं पोहत काठ गाठता येतो. समुद्रात लाट तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलते आणि तेच पाणी परत जाताना ठरावीक जागी पट्ट्यासारखं आत खेचून नेतं. त्या पट्ट्यात वरून पाणी शांत दिसतं, म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग लाटेबरोबर बाहेर या.

गणपतीपुळ्याचा आणि आरे-वारेचा किनारा यासाठी बदनाम आहे. दरवर्षी माणसं जातात, आणि त्यात घाटावरची पोरं जास्त असतात. जीवरक्षक सगळीकडे नसतात. असले आणि त्यांनी शिट्टी मारली तर वाद घालू नका.

ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरायचं नाही, हा साधा नियम. भरती-ओहोटीची वेळ काढायला कोळी लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, त्यानंतर ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. घड्याळ थोडं मागेपुढे होतं, पण घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर सांगलीत बसूनच अंदाज येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा आणखी लांब राहा.

मासे कुठे खायचे? आणि आम्ही शाकाहारी आहोत, आमचं काय?

खानावळीचं नाव सांगत नाही, आज चांगली असते, पुढच्या वर्षी हात बदलतो. दुपारी साडेबाराला जिथे कचेरीतले लोक जेवताना दिसतील तिथे शिरा. सुरमई-पापलेटच्या थाळीवर सगळे तुटून पडतात आणि तिचे दरही तसेच असतात. बांगडा, मांदेली, सौंदाळे, तिसऱ्या मागा, निम्म्या पैशात दुप्पट चव. आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या जिभेला तिथली आमटी आधी मिळमिळीत वाटते. ओलं खोबरं, कोकम आणि तिरफळ यांची चव दुसऱ्या जेवणाला कळते. सोलकढी शेवटी प्या, आधी पिऊन पोट भरू नका.

शाकाहारी माणसाची उलट चंगळ असते, फक्त महिना साधायला हवा. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ. ती एकदा खाल्ली की सुक्या काजूच्या भाजीकडे बघवत नाही. कोवळ्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक. भाकरी तांदळाची असते, ज्वारीची मागू नका. जैन कुटुंबांनी कांदा-लसणाशिवायचं जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं, घरगुती राहण्याच्या ठिकाणी आनंदाने करून देतात. गर्दीच्या हॉटेलात ऐनवेळी सांगितलं तर पुढ्यात जे येईल त्याची खात्री देता येत नाही.

मासे सांगलीला आणता येतील का?

येतात. मिरकरवाड्यात होड्या लागल्या की लिलाव होतो. तिथे घेणार असाल तर घासाघीस स्थानिक माणसाला करू द्या. थर्माकोलचा डबा, खाली-वर बर्फ, मासे साफ करून पिशवीत. कोल्हापुरात एकदा बर्फ बदला. आणि डबा गाडीत आत ठेवू नका, घाटाच्या वळणांवर ते पाणी सांडलं की वास महिनाभर जात नाही.

खरा रत्नागिरी हापूस कसा ओळखायचा?

आधी बाजाराची गोष्ट. आपल्या फळबाजारात एप्रिलमध्ये "रत्नागिरी" म्हणून जे विकलं जातं त्यात कर्नाटकातून आलेला आंबा भरपूर असतो. तो वाईट नसतो, फक्त रत्नागिरीचा नसतो आणि भाव मात्र रत्नागिरीचा लावतात. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. बाकीच्या ठिकाणच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही, पण हातगाडीवर कोण बघतंय.

आंबा हातात घ्या. कोकणचा हापूस पिकला की साल पातळ होते आणि किंचित सुरकुतते, वास देठाजवळ नाक नेण्याआधीच येतो. कापला की आत केशरी. कर्नाटकचा बहुधा जाड सालीचा, आत पिवळा, वास कमी. सगळा आंबा एकसारखा पिवळाधमक आणि कडक असेल तर तो पावडरीने पिकवलेला समजा. आढीत, गवताच्या पेंढ्यात पिकलेल्या पेटीत काही फळं पुढे असतात, काही मागे, एखाद्याला देठाशी हिरवी झाक असते.

बागायतदाराकडून घेणार असाल तर "चौदा आणे तयार" आंबा मागा, म्हणजे झाडावर पुरता तयार झालेला पण पिकायला अजून दिवस असलेला. झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने, देठासकट उतरवलेला हवा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडून फळ कुजतं. पेटी घेताना डझनांचा आकडा मोठा बघून खूश होऊ नका. त्याच मापाच्या पेटीत आंबे जितके कमी तितकं फळ मोठं.

साका हा हापूसचा जुना रोग. बाहेरून फळ निर्दोष, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. कितीही अनुभवी माणूस असला तरी बाहेरून सांगू शकत नाही. घेताना "साका निघाला तर काय?" एवढं विचारून ठेवा, चांगला बागायतदार पुढच्या वेळी भरून देतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून "रत्ना" ही जात काढली, तिच्यात साका होत नाही. फळ मोठं, चव चांगली. पण हापूस खाणाऱ्याला ते सांगून उपयोग नसतो.

फेब्रुवारीतली पहिली पेटी श्रीमंतांसाठी. मेच्या मध्यानंतर भाव उतरतो. वळवाचा पाऊस झाला की फळमाशी येते, त्यानंतर घेऊ नका.

कातळशिल्पं बघायची आहेत. कुठे जायचं?

सड्यावरच्या जांभ्या कातळात कोरलेली प्राण्यांची, माणसांची, न उलगडणाऱ्या आकृत्यांची ही चित्रं प्रागैतिहासिक मानली जातात. २०२२ मध्ये कोकणातल्या अशा नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यातली बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: कशेळी, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी. शहरातून सोयीचं उक्षी, तिथला हत्ती संरक्षक कठड्यामुळे नीट बघता येतो. कशेळीचा हत्ती त्याहून कितीतरी मोठा, पण राजापूरच्या बाजूला. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कोरीव रेषांना सावली नसते, आणि माणूस त्यावरच उभा राहून "कुठाय हत्ती?" विचारतो. चपला काढा, पाणी ओतून रेषा उठवायचा प्रयत्न करू नका.

आजूबाजूला आणखी काय?

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. "अभंग ज्ञानेश्वरी" लिहिणारे हेच, १९७४ ला गेले. मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक, गणपतीपुळ्याहून अगदी जवळ. मराठीचे शिक्षक बरोबर असतील तर वेळ हाताशी ठेवा. जयगडला किल्ला आणि दीपगृह, तिथून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतरलं की गुहागर-हेदवीकडे जाता येतं.

सांगलीचा आणि रत्नागिरीचा काही जुना संबंध आहे का?

आहे. आपले पटवर्धन मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. हरभट पटवर्धन तिथून निघाले आणि इचलकरंजीच्या घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले. पुढची पिढी पेशव्यांच्या फौजेत नावारूपाला आली आणि मिरज त्यांच्याकडे आली. घरात वाटणीचा तंटा झाला, तेव्हा १८०१ ला चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेतून बाहेर पडून सांगलीत आले आणि कृष्णाकाठचं गणपती मंदिर त्यांनी उभारलं. हरभटांनी पुळ्याच्या गणपतीची उपासना केली होती अशी कुळकथा आहे. त्यामुळे सांगलीच्या गणपतीला रोज हात जोडणारा माणूस गणपतीपुळ्याला गेला तर त्याने कोतवड्याचा फाटा कुठे लागतो तेवढं तरी बघून ठेवावं.

राहायची सोय?

शहरात मारुती मंदिर-माळनाका भागात साधी आणि बरी हॉटेलं आहेत, गाडी लावायला जागा आहे का ते फोनवरच विचारा. समुद्राच्या आवाजात झोपायचं असेल तर भाट्ये, आरे, नेवरे इथली घरगुती निवासं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान गणपतीपुळ्यात आहे, ते आधीच भरतं. अंगारकी, माघी गणेशजयंती आणि दिवाळीचा आठवडा यांत आरक्षणाशिवाय जाऊ नका. गणेशोत्सवात तर चाकरमानी गावाला आलेले असतात, हॉटेलवाल्याच्याच घरी पाहुणे असतात.

परत निघायचं कधी?

दुपारी दोनच्या आत. म्हणजे उजेडात घाट चढून होतो आणि मलकापूरला चहा मिळतो.

रत्नागिरीत ओळखीच्यांकडे उतरणार आहोत. सांगलीहून काय न्यावं?

भडंग, बेदाणे आणि हळद. भडंग जास्तच न्या, अर्धं तुमचेच लोक घाटापर्यंत संपवतात. हळद घरच्या कुटलेल्या पुडीतली असेल तर तिकडच्या बायका खूश होतात, कारण माशाला ती रोज लागते. द्राक्षांचा मोह फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो, पण डिकीत पेटीवर पेटी रचून नेलीत तर साखरप्याला पोचेपर्यंत त्यांचं सरबत झालेलं असतं.